फोटोतली राणी आता भायखळ्याला

शुक्रवार

महालक्ष्मी एक्स्प्रेस नेहमीप्रमाणे थोडी उशिराच सीएसएमटीला लागली. दादा प्लॅटफॉर्मवर होता. दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ. उभी हयात एका छापखान्याच्या डार्करूममध्ये गेली, निवृत्त झाला तरी त्याच्या बोटांचा हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास गेला नाही असं आत्या म्हणते. माझ्या पिशवीत कपडे कमी आणि कागद जास्त होते. १८५५ ते १९१० च्या दरम्यान मुंबईत काढलेले, निरनिराळ्या संग्रहांनी आता इंटरनेटवर खुले केलेले फोटो मी सांगलीत मोठ्या आकारात छापून घेतले होते. बेत साधा होता. त्या काळच्या फोटोवाल्याने जिथे तिवई रोवली असेल तिथे जाऊन उभं राहायचं आणि समोर काय उरलंय ते बघायचं. फोनवर दादा एवढंच म्हणाला होता, "ये. पण सेल्फीबिल्फीचा कार्यक्रम असेल तर मला धरू नकोस."

गिरगावात आत्याकडे आंघोळ, पोहे, आणि लगेच भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक. वर आलं की समोरच फ्लोरा फाउंटन. पोर्टलंडचा पांढरा दगड, कोपऱ्यांवर मूर्ती, मधल्या थरात शिंपले आणि डॉल्फिन, आणि सगळ्यांत वर रोमन फुलदेवी. १८६४ साली ते उभं राहिलं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथचं. जागा मुंबईच्या कोटाच्या चर्चगेटची, म्हणजे वेशीची. गंमत अशी की हे कारंजं इथे यायचंच नव्हतं. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी, करवून घेतलं होतं. खर्शेदजी फर्दुनजी पारेख यांनी त्याला २०,००० रुपये दिले होते, आणि नाव गव्हर्नर बार्टल फ्रियरचं द्यायचं ठरलं होतं. नाव राहिलं फ्लोराचं, जागा मिळाली कोटात.

ते नेमकं त्याच सुमाराला का झालं, हे समजलं की फोटो वाचायला सोपे जातात. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. त्याआधी चौकात पाणी उडवायला पाणी होतं कुठे? १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेठ लोकांच्या तिजोऱ्या भरल्या. १८६२ पासून फ्रियरने कोटाच्या भिंती पाडायला घेतल्या आणि मोकळी जागा झाली. पाणी, पैसा आणि जागा एकदमच. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि बाजार कोसळला, पण तोवर कारंजी बसली होती. आणि याच वर्षांत कॅमेरे घेऊन धंदेवाईक लोक मुंबईत हिंडायला लागले होते.

माझ्याकडच्या सगळ्यांत जुन्या फोटोत कारंज्याभोवती चिटपाखरू नाही. रुंद, स्वच्छ, रिकामा रस्ता. सांगलीत ज्यांना ज्यांना तो दाखवला, ते सगळे हळहळले, "काय शांत होती हो मुंबई!" दादाने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि हसला.

"शांत कसली? माणसं आहेत की. हे बघ, कठड्याजवळ धुरकट डाग आहे ना, तो माणूस. उभा होता, मग निघून गेला. बाकीचे चालत होते, म्हणून उमटलेच नाहीत."

मग त्याने भर चौकात मला ओल्या प्लेटची शिकवणी दिली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ही रीत काढली. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. थर वाळला की प्लेट मेली. सगळं मिळून हाताशी दहा-एक मिनिटं, मुंबईच्या उन्हात त्याहूनही कमी. म्हणजे कॅमेऱ्याशेजारी काळा तंबू हवा, बाटल्या हव्यात, पाणी हवं, ओझी वाहायला माणसं हवीत. आणि उघडझाप सेकंदाच्या भागात नाही, कित्येक सेकंद. तेवढ्या वेळात बैलगाडी डावीकडून उजवीकडे निघून जाते. काचेवर राहतो फक्त दगड. कारंज्याचं पाणीसुद्धा थेंब थेंब दिसत नाही, त्याचा नुसता पांढरा पदर दिसतो.

"म्हणून त्यांनी इमारतींचे इतके फोटो काढले का?"

"इमारत हलत नाही आणि पैसे मागत नाही," दादा म्हणाला.

त्याने पिशवीतून जवळजवळ काळी म्हणावी अशी एक काच काढून लेन्सवर चढवली. आजचा कॅमेराही भर दुपारी कित्येक सेकंद उघडा राहावा म्हणून. ट्रायपॉड मांडला, तेवढ्यात एका इमारतीचा रखवालदार धावत आला. "ट्रायपॉड अलाऊड नहीं है." फूटपाथ सरकारी आहे, असं मी म्हणून पाहिलं. "हाथ में लेके जितना निकालना है निकालो." शेवटी आम्ही पुस्तकवाल्यांच्या बाजूला सरकलो. तिथल्या एकाने आपणहून एक स्टूल दिलं आणि फोटो निघाला. बेस्टची बस लाल रेघ झाली, टॅक्स्या पुसल्या गेल्या, सिग्नलला थांबलेले दोघे-तिघे तेवढे धडधाकट उमटले. शुक्रवारी दुपारी बारा वाजता हुतात्मा चौक निर्मनुष्य! पन्नास वर्षांनी कुणी हा फोटो बघून हळहळेल, यात मला शंका नाही.

त्या फोटोत आणखी एक गोष्ट अगदी स्वच्छ आली: कारंज्याशेजारचे शेतकरी आणि कामगार, हातात मशाल. संयुक्त महाराष्ट्राचं हे स्मारक जुन्या एकाही फोटोत नाही, आणि माझ्यासारख्या बाईला आता त्याच्याशिवाय ही जागा डोळ्यांसमोर आणता येत नाही. रात्री आत्याला फोटो दाखवला तर तिने फ्लोराकडे पाहिलंही नाही. "२१ नोव्हेंबरला गोळीबार झाला तेव्हा आम्हाला शाळेतून लवकर सोडलं होतं. आई जिन्यात उभी होती." १९५५ साली ती दहा वर्षांची होती.

दुपारचा बाकी वेळ आम्ही तारखा लावण्यात घालवला. कागदावर साल नसलेल्या फोटोंशी खेळायचा हा उत्तम खेळ आहे. रस्त्यात रूळ नाहीत? मग १८७४ च्या आधीचा, कारण त्या वर्षी घोड्यांची ट्राम सुरू झाली. रूळ आहेत आणि वर तारा आहेत? १९०७ नंतरचा, विजेची ट्राम. मागे राजाबाई टॉवर दिसायला हवा आणि दिसत नाही? १८७८ च्या आधीचा. यातले काही रूळ २०१८ मध्ये कारंज्याची डागडुजी चालू असताना जमिनीखाली सापडले, ती बातमी मी कात्रण करून ठेवली आहे.

वेलिंग्टन फाउंटनला धावती भेट. १८६५ चं, इंग्रज सेनापती वेलिंग्टन १८०१ आणि १८०४ मध्ये मुंबईत येऊन गेला त्याची आठवण. जुन्या फोटोत ते मोकळ्यावर एकटं उभं आहे. आता रीगल सिनेमा, संग्रहालय आणि पोलीस मुख्यालयाच्या मधोमध गाड्यांच्या चक्रात अडकलंय. पोलीस मुख्यालय म्हणजे जुनं सेलर्स होम, १८७६ चं. फोटोत ते नसेल तर साल आणखी मागे.

शनिवार

घारापुरी. गेटवेवरून लाँचने तासाभराचा रस्ता. शनिवारची गर्दी, बगळे, शेवचुरमुऱ्याच्या पुड्या. याच्यावर जास्त लिहीत नाही. वरच्या पायऱ्या चढताना दादाचा गुडघा कुरकुरला, तेव्हा काकडी खात बसलो. तेवढाच विसावा.

लेण्यात मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. सहाव्या शतकाच्या सुमाराचं काम. मागच्या भिंतीत तीन मुखांचा सदाशिव, जवळजवळ वीस फूट उंच. आणि काळोख. डोळे सरावले की दिसतं, पण कॅमेऱ्याचे डोळे सरावत नाहीत. दादा खांबाला टेकून हिशेब करत होता: बाहेर दहा सेकंद लागत असतील तर इथे किती मिनिटं? आणि ओली प्लेट तेवढी थांबते का?

यावर एक जुना तोडगा होता. काचेच्या आधी कागद होता. कॅलोटाइप, म्हणजे कागदावरची निगेटिव्ह. मेण लावलेला कागद तर आधी तयार करून कोरडाच बरोबर नेता येई. मग वाटेल तितका वेळ लेन्स उघडी ठेवा. कागदाचे तंतू चित्रात उतरत, काचेची धार येत नसे, पण घाई नसे. १८५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पश्चिम हिंदुस्थानातल्या वास्तूंचे फोटो काढायला तोफखान्याच्या कॅप्टन थॉमस बिग्जला नेमलं. विजापूर, बदामी, ऐहोळे, सगळं त्याने कागदी निगेटिव्हवर उतरवलं. थोड्याच काळात त्याला पलटणीत परत बोलावलं आणि काम डॉ. विल्यम पिगूकडे गेलं. त्याआधी कंपनी चित्रकार पाठवायची. अजिंठ्याची चित्रं नकलून काढत रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं घालवली आणि त्याच्या बऱ्याच नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तोही पुढे कॅमेऱ्याकडे वळला. भुसावळला त्याची कबर आहे. भुसावळला गाडी बदलताना मी अनेकदा तासन्‌तास बसले आहे, पण तिकडे कधी फिरकले नाही. आता जाईन.

घारापुरीवर जेम्स बर्जेसचं पुस्तक १८७१ मध्ये मुंबईत निघालं, त्यात खरे फोटो होते. छापील नव्हेत, अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर उन्हात काढलेले आणि पानांवर चिकटवलेले. त्या छायाचित्रांतले खांब मी समोरच्या खांबांशी ताडून पाहत होते. काही खांब फोटोत मोडलेले आहेत आणि आज उभे आहेत. म्हणजे मधल्या काळात दुरुस्ती झाली. दादाने तेच उलट सांगितलं: "फोटो नसता तर हे खांब पहिल्यापासून असेच आहेत असं तू मान्य केलं असतंस." खरं आहे.

बेटावरचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव ठेवलं, तो मात्र बेटावर नाही. त्याची गाठ सोमवारी.

रविवार

रविवारी सकाळी फोर्टमध्ये खरोखर चिटपाखरू नसतं, त्याला कुठल्या काळ्या काचेची गरज नाही. सेंट थॉमस कॅथेड्रलच्या दाराशी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिलेलं कारंजं आहे, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, ज्याने पुढे राजाबाई टॉवरही आखला. तिथून हॉर्निमन सर्कल. जुन्या फोटोत या गोल बागेत गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा घुमटीखाली दिसतो. लोक त्याला कुणीतरी देव समजून फुलं वाहायचे अशी नोंद आहे. आज घुमटीही नाही, लॉर्डही नाही. बाकावर एक पोलीस जोडे काढून पेपर वाचत होता.

तिथून टाऊन हॉलच्या, म्हणजे एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसलो. १८३३ ची इमारत, समोरचे खांब बघितले की कुठल्याही फोटोवाल्याचा हात शिवशिवेल. इथे मी दादाला भाऊ दाजींचं सांगितलं. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, लंडनच्या सोसायटीनंतर दोन वर्षांच्या आत. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. दोघेही डॉक्टर, म्हणजे रसायनांची भीती नाही. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, आणि त्यात शिकलेला हरिश्चंद्र चिंतामण हा मुंबईतला पहिल्या काही हिंदी धंदेवाईक फोटोग्राफरांपैकी एक. आपण जुनी फोटोग्राफी म्हटली की बोर्न आणि शेफर्ड ही इंग्रज जोडी म्हणतो, फार तर राजा दीनदयाळ. बोर्न हिंदुस्थानात उतरला १८६३ मध्ये. तोवर मुंबईत आपली माणसं सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी करून बसली होती! हे शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत तरी यायला हवं, असं माझं मत आहे आणि मी ते स्टाफरूममध्ये वारंवार मांडत असते.

त्या सोसायटीचा आणखी एक सभासद विल्यम जॉन्सन. त्याने मुंबईच्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो १८६३ आणि १८६६ च्या दोन खंडांत छापले. माणसं उघड्यावर स्थिर राहत नाहीत, हीच त्याचीही अडचण. म्हणून त्याने माणसं वेगळी टिपली, मुंबईचे देखावे वेगळे टिपले आणि मग कात्री लावून एकावर एक जोडली. बारकाईने पाहिलं तर पायांखालची सावली जुळत नाही. दादाला हे फारच आवडलं. "आमच्या साहेबांनीसुद्धा एका मंत्र्याला असाच समारंभाला हजर केला होता," एवढं बोलून तो गप्प बसला. नाव त्याने मलाही सांगितलं नाही.

फोर्ट मार्केटजवळचं रतनशी मुळजी कारंजं ही या सगळ्या फेरीतली माझी आवडती जागा. १८९४ चं, आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, ज्याने व्हीटी बांधली. रतनशी मुळजींचा मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी गेला, त्याच्या आठवणीसाठी. वर हातात पुस्तक घेतलेला मुलगा आहे, खाली हत्तींची तोंडं. ही पाणपोई. लोकांनी प्यावं म्हणून बांधलेली. आणि माझ्या गठ्ठ्यात फ्लोराचे पसाभर फोटो असताना पाणपोयांचे जेमतेम एक-दोन. साहेबाच्या आल्बममध्ये कोरड्या घशाच्या हमालाला जागा नव्हती. फ्लोराचं पाणी बघायचं, इथलं प्यायचं. कुठलं जास्त टिपलं जावं, हे तेव्हाच ठरून गेलं होतं.

इथेच दादाने दगडांचं एक कोडं सोडवलं. मालाडचा दगड पिवळसर, पोरबंदरचा फिक्कट. पण जुन्या प्लेटला निळा रंग तेवढा कळायचा; पिवळा-तांबडा कळतच नसे, तो काळा पडे. म्हणून जुन्या फोटोंत आकाश कोरं पांढरं आणि पिवळ्या दगडाच्या इमारती प्रत्यक्षापेक्षा काळवंडलेल्या. मी इतकी वर्षं त्याला गिरण्यांचा धूर समजत होते.

सोमवार

भायखळा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ मध्ये उघडलं तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. नाव बदललं १९७५ मध्ये. आतली अल्बर्टची मूर्ती आणि जिना सगळे बघतात. आम्ही थेट मागच्या आवारात गेलो.

आणि तिथे ती सगळी मंडळी होती. चार दिवस आम्ही ज्यांच्या रिकाम्या जागा मोजत हिंडलो ते. एकेकाळी टेलिग्राफ ऑफिसच्या कोपऱ्यावर गॉथिक छत्रीखाली बसलेली राणी व्हिक्टोरिया, मॅथ्यू नोबलने घडवलेली, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेली, १८७२ ची. माझ्याकडच्या फोटोत छत्रीची नक्षी इतकी बारीक आहे की राणी शोधावी लागते. इथे छत्री नाही, नुसती राणी उघड्यावर. १८९६ मध्ये याच संगमरवरावर रातोरात डांबर फासलं गेलं आणि गळ्यात खेटरांची माळ पडली. ते आपण केल्याचं पुढे दामोदर चापेकरांनी लिहून ठेवलं. डांबर कुणाला निघेना, शेवटी रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी ते काढलं. दादा मूर्तीच्या गालाशी वाकून डाग शोधत होता. सापडला नाही. गज्जरांचं काम पक्कं.

पलीकडे कॉर्नवॉलिस. आणि काळ्या घोड्यावरचा राणीचा मुलगा एडवर्ड, बोहमने घडवलेला, १८७९ मध्ये अल्बर्ट ससूनने दिलेला; १९६५ मध्ये फोर्टातून उचलून इकडे राणीच्या बागेत आणला. काळा घोडा चौकात २०१७ पासून नवा घोडा आहे, पाठीवर कुणी नाही, हे बरं केलं. घारापुरीचा हत्तीही इथेच. १८१४ मध्ये त्याची मान गळून पडली होती. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायला काढलं तर यारीच तुटली आणि त्याचे तुकडे झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुकडे जोडून इथे उभा केला. सांधे अजून दिसतात.

"प्लेटला फक्त न हलणारी वस्तू चालायची," मी म्हटलं, "आणि न हलणारंच सगळं हललं."

"आणि गर्दी आहे तिथेच आहे," दादा म्हणाला. "चल, भूक लागली."

जेवून मटण स्ट्रीट. चोरबाजारात जुन्या फोटोंची एक-दोन दुकानं अजून तग धरून आहेत. एका दुकानात प्लास्टिकच्या पाकिटात फ्लोरा फाउंटन. "अठारा सौ साठ का ओरिजिनल है," दुकानदार म्हणाला आणि चार हजार सांगितले. १८६० मध्ये तिथे कारंजं नव्हतं, वेस होती, हे मी बोलणार तेवढ्यात दादाने डोळ्याने थांबवलं. त्याने खिशातून भिंग काढलं. अंड्याच्या कागदावरच्या प्रिंटमध्ये भिंगाखाली ठिपके दिसत नाहीत, कागदाचे तंतू दिसतात आणि पांढरे भाग पिवळे पडलेले असतात. इथे ठिपकेच ठिपके. म्हणजे छापील पोस्टकार्ड. आणि कारंज्याच्या डाव्या अंगाला विजेच्या ट्रामचा खांब, वर तारा.

"चाचा, ये खंबा देखो. उन्नीस सौ सात के बाद का है."

दुकानदाराने शांतपणे पाकीट परत घेतलं, खांब पाहिला, आणि म्हणाला, "फोटो पुराना है साहब. खंबा बाद में लगा होगा."

यावर दादाला पहिल्यांदाच काही सुचलं नाही. दीडशेला सौदा झाला.